सामाईक समुद्र



माझे दाजी अंबड तालुक्यात शेती करतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांचे वावर आहे आणि तेही अगदी चारीच्या टोकाला. तुमच्या भाषेत सांगायचे तर टेलला. मध्यंतरी काही कामानिमित्त ते आमच्याकडे पुंडलिकनगरला मुक्कामी आले होते. मी टेबलावर नकाशे पसरून हेच भाषण लिहीत बसलो होतो. त्यांनी विचारले, "मास्तर, कशाचं चाललंय?" मी म्हणालो, "समुद्राचं. एका समुद्राच्या काठावरच्या देशांनी मिळून तो समुद्र कसा राखावा, त्याचं." दाजी हसले आणि म्हणाले, "आमच्या चारीला पाणी नाही अन् तुम्ही समुद्राचं बोलता. आपल्या मराठवाड्याला समुद्राचं काय पडलंय?"

प्रश्न रास्त होता. आमच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही, पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसतात. मुंबईचा किनारा इथून सव्वातीनशे किलोमीटरहून दूर. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याने समुद्राची काळजी का करावी? दाजींना त्या रात्री जे सांगितले, तेच आज थोडे नीटनेटके करून तुम्हांला सांगतो.

मी त्यांना म्हटले, "दाजी, समुद्र राहू द्या. आधी जायकवाडीचंच बोलू." जायकवाडीचे भांडण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांतली धरणे, खाली आपला नाथसागर. पाऊस कमी झाला की वरचे म्हणतात, आमचेच भागत नाही. खालचे म्हणतात, नदी काही तुमच्या एकट्याची नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून तर भांडण मिटत नव्हते. मग 2005 साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यातले पाणी समन्यायी पद्धतीने वाटावे, असे तत्त्व त्यात घातले. 2014 साली प्राधिकरणाने त्या तत्त्वाला आकडा दिला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. समन्यायी वाटपाचे हे तत्त्व 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानेही उचलून धरले. भांडण तेवढ्याने संपले असे मी म्हणत नाही. पण भांडणाला एक तारीख मिळाली, एक माप मिळाले आणि निवाडा करणारा एक पंच मिळाला. ज्या पाण्यावर अनेकांचा हक्क आहे, ते राखायला या तीन गोष्टी लागतात. त्या नसतील तर नुसत्या सद्भावनेने काही होत नाही.

आता नदीकाठाने आणखी खाली जाऊ. नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे. तिथे आपण वरचे झालो आणि आंध्रचे शेतकरी खालचे. तेव्हा तक्रार त्यांची होती आणि सबबी आपल्या होत्या! सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निकाल दिला, की महाराष्ट्राने बंधारा वापरावा, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे वर उचललेले असावेत. इथेही तारीख आली, माप आले, पंच आला. आणि आपल्याला एक धडा मिळाला. जो जायकवाडीला खालचा असतो, तोच बाभळीला वरचा होतो. न्याय मागताना माणूस एका जागी उभा असतो आणि न्याय द्यायची वेळ येते तेव्हा दुसऱ्या जागी.

हे ध्यानात ठेवा आणि आता माझ्याबरोबर समुद्राकडे चला.

समुद्र ही अनेक देशांची सामाईक विहीर आहे. सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते तशी समुद्राचीही नोंद आहे. 1982 च्या समुद्रविषयक कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या त्या देशाच्या सत्तेखाली, आणि 200 सागरी मैलांपर्यंतची मासळी व खनिजे यांच्यावर त्याचा पहिला हक्क. सागरी मैल म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडा अधिक. नकाशावर या रेषा स्वच्छ दिसतात, पाण्यावर दिसत नाहीत. आपल्या पालघर जिल्ह्यातले कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. त्यांतल्या काहींना ही न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत. तिकडचे कोळी आपल्या तुरुंगात आले आहेत. माणसाला रेषा अडवते. वाहत्या तेलाला आणि पोहणाऱ्या माशाला ती अडवत नाही.

याची दोन उदाहरणे देतो. मे 2021 मध्ये एक्स-प्रेस पर्ल नावाचे मालवाहू जहाज आपल्या गुजरातमधील हझिरा बंदरातून कोलंबोकडे गेले. जहाजावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. चालक कंपनीने नंतर सांगितले, की तो कंटेनर उतरवून घ्यावा अशी विनंती आधी कतारमधील हमाद बंदराला आणि मग हझिराला केली होती. तशी सोय नसल्याचे सांगून दोन्हीकडून नकार मिळाला. जहाज तसेच पुढे गेले. कोलंबोजवळ त्याला आग लागली. ती विझवायला आपल्या तटरक्षक दलाची जहाजे धावली, पण अखेर जहाज बुडाले. त्यावर प्लास्टिकचे बारीक दाणे होते, सुमारे 1,680 टन. साबुदाण्याएवढे हे दाणे श्रीलंकेच्या वाळूत मिसळले. किनाऱ्यावर मेलेली कासवे आणि डॉल्फिन येऊन पडली, आणि शेकडो गावांच्या कोळ्यांची मासेमारी बंद झाली. आता तुम्हीच सांगा, हा अपघात कोणत्या देशाचा? आम्लाचा कंटेनर तीन देशांच्या दारात उभा राहिला. प्रत्येकाने आपले दार तेवढे पाहिले.

दुसरे उदाहरण त्याच्या उलट दिशेचे. 25 मे 2025 रोजी एमएससी एल्सा-3 नावाचे जहाज केरळच्या किनाऱ्यापलीकडे 640 कंटेनरांसह बुडाले. त्यातलेही प्लास्टिकचे दाणे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आले आणि काही आठवड्यांत श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊन पोहोचले. 2021 मध्ये आपल्या बंदरातून निघालेल्या जहाजाचे नुकसान श्रीलंकेने सोसले, आणि चार वर्षांनी आपल्या दारात बुडालेल्या जहाजाचा कचराही तिच्याच वाट्याला गेला. मुंबईकरांनाही हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन परदेशी जहाजांची टक्कर झाली. एमएससी चित्रा या जहाजातले शेकडो टन तेल समुद्रात सांडले. ते रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेले आणि बाजारातली मासळी कोणी घेईना.

पण समुद्र फक्त संकटेच इकडून तिकडे नेतो असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तिथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खणून नेली जात. 2002-03 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी राखायला सुरुवात केली. आज कोकणातल्या अनेक गावांत हे काम चालते. या कासवांची एक हकीगत शाळेत मुलांना अवश्य सांगा. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर गहिरमाथा येथे शास्त्रज्ञांनी एका मादी कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाला 03233 क्रमांकाचा बिल्ला लावला. तोच बिल्ला जानेवारी 2025 मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या मादीच्या पायाला दिसला. बंगालचा उपसागर सोडून, श्रीलंकेला वळसा घालून किंवा मधल्या सामुद्रधुनीतून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा प्रवास तिने केला असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तिच्यासाठी हा सारा समुद्र म्हणजे एकच शिवार. गुहागरने तिची अंडी राखली आणि दुसऱ्या किनाऱ्यावर ती जाळ्यात अडकून मेली, तर गुहागरचे कष्ट पाण्यात गेले की नाही?

म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र बसावे लागते. तुम्ही म्हणाल, शेजारी देश एकमेकांचे वैरी असतील तर कसे बसणार? तर ऐका.

युरोपच्या उत्तरेला बाल्टिक नावाचा समुद्र आहे. जवळजवळ चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला, मोठ्या तळ्यासारखा. 1974 साली त्याच्या काठावर सात देश होते. त्यांत पश्चिम जर्मनी होता आणि पूर्व जर्मनी होता, रशियाचे सोव्हिएत राज्य होते आणि पलीकडच्या गोटातला डेन्मार्कही होता. दोन्ही बाजूंच्या तोफा एकमेकांवर रोखलेल्या होत्या. अशा त्या सात देशांनी मार्च 1974 मध्ये हेलसिंकी येथे एका करारावर सह्या केल्या. एकमेकांवर प्रेम जडले म्हणून त्यांनी सह्या केल्या नाहीत. मासे मरत होते, आणि डीडीटीसारख्या विषामुळे समुद्री गरुडाच्या अंड्यांतून पिले बाहेर येत नव्हती. ते नुकसान सगळ्यांनाच दिसत होते.

त्यांनी पहिले काम केले ते मोजमापाचे. प्रत्येकाने एकाच पद्धतीने पाणी तपासायचे आणि आकडे एकमेकांना दाखवायचे. पुढे 1992 साली त्यांनी सर्वांत घाणेरड्या 132 ठिकाणांची यादी केली. कुठे कागदाचा कारखाना, कुठे शहराचे सांडपाणी, कुठे शेतीतला निचरा. एकेक ठिकाण सुधारले की ते यादीतून खोडायचे. त्यांतली बरीचशी खोडली गेली. गरुड परत आले. आणि त्याच 1992 सालच्या नव्या करारात त्यांनी आणखी एक शहाणपण केले. करार नुसता किनाऱ्यापुरता न ठेवता समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या साऱ्या पाणलोट क्षेत्राला लागू केला. सगळे साधले असे मात्र नाही. शेतातली खते वाहून समुद्रात जातात, त्यामुळे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि तळाचे जीव गुदमरतात. बाल्टिकचे हे दुखणे अजून बरे झालेले नाही. कारखान्याचे धुराडे मोजता येते, लाखो शेतांतला निचरा मोजणे अवघड.

भूमध्य समुद्राचीही अशीच गोष्ट. 1973 साली अरब-इस्रायल युद्ध झाले होते आणि 1974 साली सायप्रसवरून ग्रीस-तुर्कस्तान हातघाईवर आले होते. तरी 1975 साली सोळा देशांनी, त्यांत हे वैरीही आले, भूमध्य समुद्राची एक कार्ययोजना मान्य केली, आणि 1976 साली बार्सिलोना येथे करार झाला. हे प्रयत्न संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाखाली झाले. त्याने 1974 पासून प्रादेशिक समुद्रांचे काम हाती घेतले होते.

मग आपले काय? आपणही मागे नव्हतो. 1982 साली कोलंबोला दक्षिण आशियाच्या देशांची एक पर्यावरण सहकार संस्था स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव हे किनाऱ्याचे देश तिचे सभासद आहेत. पण नेपाळ, भूतान आणि अफगाणिस्तानही सभासद आहेत. या तीन देशांना समुद्राचा एक वीतभरही किनारा नाही! 1995 साली किनाऱ्याच्या पाच देशांनी दिल्लीत दक्षिण आशियाई समुद्रांची कार्ययोजना मान्य केली. तेलगळतीला एकत्र तोंड देणे, किनाऱ्याचा नीट वापर, माणसे तयार करणे आणि जमिनीवरून येणारी घाण रोखणे अशी चार कामे तिच्यात घेतली. तेल आणि रसायनांच्या गळतीबाबत सहकार्य करण्याच्या सामंजस्य कराराला भारत सरकारने मार्च 2018 मध्ये मंजुरी दिली.

कागद चांगला आहे. पण खरे ते सांगितले पाहिजे. बाल्टिक आणि भूमध्य समुद्रांच्या करारांना कायद्याचे बंधन आहे. आपल्या योजनेला ते नाही. सात वैरी देशांनी केले ते आपल्याला तीस वर्षांत जमलेले नाही. आपल्याकडे तारीख ठरलेली नाही, माप एक नाही आणि पंचही नाही. भारत-पाकिस्तानचे बिनसले की सगळ्या बैठका थंडावतात. सामाईक विहिरीचे असेच होते. मोटर लावायला सगळे भाऊ पुढे आणि गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

इथवर ऐकून दाजी म्हणाले, "हे दिल्लीवाल्यांनी पाहावं. आपण काय करणार?"

मी नकाशा त्यांच्या पुढे सरकवला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1,465 किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या शहराच्या एका अंगाला खाम, दुसऱ्या अंगाला सुखना. दोघींचेही पाणी गोदावरीच्याच खोऱ्यात उतरते. तुमच्या गावचा ओढा बहुधा तिकडेच जातो. म्हणजे जायकवाडीला आपण खालचे, बाभळीला वरचे आणि समुद्राच्या हिशेबात तर सगळ्यांच्या वरचे. नगर-नाशिकवाल्यांना आपण जे सुनावतो, तेच उद्या काकीनाड्याचा कोळी आपल्याला सुनावू शकतो.

एक कबुली देतो. वीस वर्षे मी कॉलेजात शिकवतो, पण माझ्या घरच्या मोरीचे पाणी पुढे कुठे जाते, हे मी कधी विचारले नव्हते. या भाषणाच्या निमित्ताने एका रविवारी घराजवळच्या नाल्याच्या काठाने चालत गेलो. दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, निर्माल्याने भरलेल्या कॅरीबॅगा. त्यांतली एखादी पिशवी माझ्याही घरची असेल. नाव लिहिलेले नसते एवढेच.

दाजींनी शंका काढली, "मध्ये एवढी धरणं आहेत. कचरा समुद्रापर्यंत कसा पोचेल?" बराचसा धरणांत अडतो, हे खरे. पण सप्टेंबर 2025 चा पूर आठवा. जायकवाडीचे सगळे 27 दरवाजे उघडावे लागले. अशा पाण्याबरोबर काय काय गेले असेल? आणि पाण्यात विरघळलेला युरिया तर कोणत्याच दरवाजाला अडत नाही.

समुद्राचे आपल्यावर ऋण नाही काय? आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो. कोकणात कोसळून थकलेले ढग आपल्यापर्यंत येतात. आपल्या पावसाचा मोठा आधार म्हणजे बंगालच्या उपसागरात उठणारे कमी दाबाचे पट्टे. दाजींची कपाशी त्या उपसागराने पाठवलेल्या पाण्यावर उभी राहते. त्याच्या बदल्यात आपण त्याला काय पाठवतो, ते आत्ताच सांगितले.

तेव्हा शेतकरी बांधवांना माझे सांगणे एवढेच. मातीचा नमुना तपासून घ्या आणि पिकाला लागेल तेवढेच खत द्या. ते हप्त्याहप्त्याने द्या, मोठा पाऊस येण्याच्या तोंडावर टाकू नका. त्यात पैसा तुमचाच वाचतो. कीटकनाशकाची रिकामी बाटली ओढ्यात टाकू नका आणि तिथे धुऊही नका. मल्चिंगचा फाटका कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर सोडू नका. गोळा करून भंगारवाल्याला द्या. ग्रामसभेत एकदा उठून विचारा, की गावचे गटाराचे पाणी कुठे सोडले आहे.

गुरुजींना एक विनंती आहे. भूगोलाच्या तासाला मुलांना शाळेजवळच्या ओढ्यावर न्या. मग जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा नकाशा लावून त्या ओढ्याचे पाणी बोटाने समुद्रापर्यंत न्यायला सांगा. वाटेत कोणती गावे लागतात ती फळ्यावर लिहा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला ओढ्याच्या त्याच दहा पावलांच्या टापूत किती पिशव्या आणि बाटल्या पडल्या आहेत, ते मोजून वहीत टिपा. बाल्टिकच्या देशांनीही सुरुवात मोजण्यापासूनच केली होती. अशी वही असलेली मुले मोठी झाली, की दिल्लीला आणि कोलंबोला प्रश्न विचारणारे नागरिक तयार होतील. आज ते प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून 1995 चा कागद कागदच राहिला.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. बसस्टँडवर त्यांना सोडायला गेलो, तेव्हा म्हणाले, "मास्तर, एक पटलं. टेलवाल्याला टेलवाल्याचं दुःख कळायला पाहिजे." मग पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाले, "आमच्या ओढ्याकाठी औषधाच्या बाटल्यांचा ढीग पडलाय. गावात गेल्यावर बघतो त्याचं काय करता येतं ते."

तुमच्याही ओढ्याकाठी असा ढीग असेल. तो एकदा पाहून या.